तीन कडा

जेलरोडला आमच्या घरापुढे बारा बाय अठराची हिरवळ.
जावयानं हौसेनं अंथरली, तुकडे जोडून, सतरंजीसारखी;
त्या तुकड्यांतूनच लव्हाळा आला असणार,
पाहुण्याच्या वळकटीतून ढेकूण यावा तसा.

गवत कापलं की दुसऱ्याच दिवशी
तो सगळ्यांच्या वर डोकं काढतो.
रंग जरा उजळ, पान जरा तुळतुळीत.
देठ चिमटीत धरून फिरवा:
गवत गोल फिरतं, हा अडखळतो.
तीन कडा लागतात बोटाला.

बोटांना सवय आहे.
सत्तावीस वर्षं छापखान्यात मी कागद तपासले.
शाई फुटलेली, रेघ सरकलेली, आकडा तिरपा:
असला कागद बाजूला, त्यावर लाल खूण.
निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले,
ढिकलेबाई, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही.
घरी आले. घरात तपासायला काही नव्हतं.

पहिले दोन महिने उपटला.
हातात देठ येतो, गाठ खालीच राहते,
हरभऱ्याएवढी, काळी,
दोऱ्यानं पुढच्या गाठीला बांधलेली.
एक काढा, आठवड्यात तीन उभे.
सोमनाथ गांगुर्डे, महिन्यातून दोनदा येणारा माळी, म्हणाला,
"आत्या, तुम्ही उपटत नाही, पेरताय."

मग दिंडोरी नाक्यावर बोरस्त्यांचं दुकान.
द्राक्षवाले गोण्या उचलत होते, मी कापडी पिशवी धरून उभी.
"किती एकर?"
"दोनशे सोळा चौरस फूट."
ते हसले नाहीत.
काचेवर पुडी ठेवली, डॉक्टर देतात तेवढी.
"निवडक आहे. गवताला हात लावत नाही, याला बरोबर ओळखतं.
आधी दोन दिवस कापायचं नाही, नंतर दोन दिवस नाही.
त्या दिवशी पाणी बंद.
आणि चिकटद्रव्य विसरू नका, पान मेणाचं असतं, थेंब घसरतो."

निवडक.
रिक्षात घरापर्यंत तो शब्द घोळवत आले.
आमच्या खात्याच्या दारावर
ही पाटी कुणी का लावली नाही?

दसककडून येणारा वारा पडल्यावर, सकाळी,
नाकाला ओढणी बांधून फवारलं.
चौथ्या दिवशी काहीच नाही.
आठव्या दिवशी मधला कोंब पिवळा.
पंधराव्या दिवशी तपकिरी, मान टाकलेला,
आणि भोवतीचं गवत जसंच्या तसं,
शेजारी काय घडलं ते न विचारता.

दिवाळीला लेकीनं उटण्याची पाकिटं आणली.
मी सवयीनं मागची बारीक अक्षरं वाचली:
आंबेहळद, कचोरा, संत्र्याची साल, नागरमोथा.
"तोच की हा, आत्या. लव्हाळ्याचा भाऊच," सोमनाथ म्हणाला.
खुरप्यानं एक वाळकी गाठ काढली, नखानं फोडली.
वास आला.
पाटावर बसलेल्या पोरीच्या पाठीचा, पहाटेचा,
तेल लावताना ती कुडकुडायची तो.
हात दोनदा धुतले. मग वाटलं, कशाला धुतले?

आता हिरवळ साफ आहे.
संध्याकाळी पायरीवर बसते आणि बघायला जाते,
तर बघताच येत नाही.
नुसतं हिरवं. नजर ठरत नाही, घसरते,
मेणाच्या पानावरच्या थेंबासारखी.
सत्तावीस वर्षांतले चुकलेले कागद मला आठवतात,
एकाच्या कोपऱ्यात तर शाईची माशी बसली होती;
बरोबर छापलेला एकही आठवत नाही.
लाखो गेले हाताखालून.

काल नळाजवळ, फरशीच्या फटीत,
उजळ पान दिसलं.
वाकले. चिमटीत धरलं, फिरवलं.
अडखळलं.

बोरस्ते म्हणाले होते, दीड-दोन महिन्यांनी दुसरी फवारणी लागते.
पुडी अर्धी शिल्लक आहे, वरच्या कपाटात,
नातवाचा हात पोचणार नाही अशी.
तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे, लाल पेननं.

तोवर रोज सकाळी चहा घेऊन मी आधी नळाकडेच जाते.